मंदीतलं कर्ज: शेतीची शाखा आणि एमआयडीसीची शाखा

मार्चअखेर जवळ आली की मला अजूनही नीट झोप लागत नाही. बँकेतून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण बत्तीस वर्षांचा मार्च अंगात मुरलाय. त्यातली बरीच वर्षं मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, शेतीच्या शाखेत गेली. शेवटची काही वर्षं पुण्याजवळच्या एमआयडीसीतल्या शाखेत. २०१४ आणि २०१५चे लागोपाठचे दुष्काळ मी पहिल्या शाखेच्या काउंटरमागून बघितले, २०२०ची टाळेबंदी दुसऱ्या. म्हणून परवा एका ओळखीच्या माणसाने ठासून सांगितलं की "कोरोनाच्या वर्षात बँकांनी शेतीला भरभरून दिलं आणि उद्योगांना उपाशी ठेवलं", तेव्हा गप्प बसवलं नाही. त्यालाही सांगितलं, इथेही लिहितोय. लांबलचक आहे, सवडीने वाचा.

त्याच्या हातातला आकडा खोटा नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या माहितीनुसार मार्च २०२१ मध्ये शेती आणि संलग्न क्षेत्राचं कर्ज आदल्या वर्षापेक्षा १२.३ टक्क्यांनी वाढलं होतं. उद्योगांचं वाढलं होतं फक्त ०.४ टक्के. नुसतं एवढं वाचलं तर कुणालाही वाटेल की मंदीत बँकेला शेतकऱ्याचा कळवळा येतो. मी दोन्हीकडच्या फायलींवर सह्या केल्यात. मला दिसलं ते असं: मंदी आली की बँक शेती बघत नाही आणि कारखानाही बघत नाही. ती बघते, पैसे बुडाले तर भरून कोण देणार. ज्याच्या मागे कुणीतरी उभं असतं त्याला कर्ज मिळतं. ज्याच्या मागे कुणीच नसतं त्याला फक्त जुनं कर्ज नवं करून मिळतं.

हे "नवं-जुनं" ज्यांनी जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी एक दिवस सांगतो. २०१६चा मार्च. लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्याच्या थोडं आधीचे दिवस. पासष्टीचे एक काका प्लास्टिकच्या पिशवीत नोटा घेऊन आले. पीककर्ज होतं ९०,००० रुपये, सात टक्क्यांनी व्याज ६,३००. एकूण ९६,३०० त्यांनी मोजून दिले. "आजच्याच तारखेत घ्या सायेब तेवढं," एवढंच बोलले. दोन वर्षं शिवारात काही पिकलं नव्हतं, मग पैसे आले कुठून हे विचारायची गरजच नव्हती. बाहेर लिंबाखाली मोटारसायकलवर एक पोरगा बसला होता. पैसे त्याच्या मालकाचे. आठ दिवसांसाठी, शेकडा दोन रुपयांनी.

आम्ही खातं बंद केलं, कागद केले, आणि आठवड्याने काकांच्या नावे १,००,००० रुपयांचं नवं पीककर्ज टाकलं. काकांनी रक्कम उचलली, पोरग्याला त्याचे ९६,३०० आणि वरचे १,९२६ दिले. काकांच्या हातात उरले १,७७४ रुपये. वेळेत भरल्याची व्याजसवलत पुढे कधीतरी खात्यात यायची ती वेगळी, पण जूनमध्ये बियाणं-खत घ्यायला त्या घडीला हाताशी होते ते एवढेच.

आता हाच व्यवहार आमच्या पुस्तकात कसा दिसला ते बघा. गेल्या मार्चला ९०,०००, यंदा १,००,०००. शेतीकर्जात ११ टक्क्यांची वाढ. खातं नियमित, थकबाकी शून्य. तालुक्यातल्या प्रत्येक शाखेत अशी शेकडो खाती, आणि त्या सगळ्यांची बेरीज वर जाते. म्हणून शेतीकर्जाच्या वाढीचा आकडा ऐकला की मला आधी ते १,७७४ रुपये आठवतात.

दुष्काळात पुनर्गठनाची सोय असते हे मला माहीत आहे. पैसेवारी, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं याचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या आत आली, तेहतीस टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं, की पीककर्जाचं मुदतकर्ज करून हप्ते पाडता येतात आणि शेतकऱ्याला नवं पीककर्ज मिळू शकतं. आम्ही ते केलंही. पण नियम आणि काउंटर यांच्यात अंतर असतं. पुनर्गठन झालेल्या खात्याकडे पुढचा अधिकारी संशयानेच बघतो, हे शेतकऱ्यालाही कळतं. म्हणून तो सावकाराकडून आणून भरतो, पण "नियमित" राहतो.

दुसरी गोष्ट सोन्याची. त्याच दोन वर्षांत आमच्या शाखेत सोनेतारण वाढलं. बायका पाटल्या, डोरलं, पोरीच्या लग्नासाठी करून ठेवलेले गंठण घेऊन यायच्या. सराफ घासून कस बघायचा, वजन करायचा, पाकिटावर लाख लागायची. सोबत सातबारा जोडला की कर्ज संगणकात "शेती" या सदरात जायचं. नियमाने ते बरोबरच होतं, पैसा शेतीलाच लागत होता. पण त्याचा अर्थ असा की बँकेने शेतीवर विश्वास टाकून ते कर्ज दिलेलं नव्हतं. तिने सोन्यावर विश्वास टाकला होता. पिकाची जोखीम सगळीच्या सगळी त्या बाईकडे राहिली होती.

आता एमआयडीसी.

तिथली मंदी टाळेबंदीच्या आधीच सुरू झाली होती. २०१९ मध्ये गाड्यांची विक्री घसरली आणि आमच्या परिसरातल्या छोट्या प्रेसशॉपवाल्यांची (पत्रा दाबून सुटे भाग करणाऱ्यांची) एक एक पाळी बंद होत गेली. मग २४ मार्च २०२०ची घोषणा. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं सकल उत्पादन २३.९ टक्क्यांनी घटल्याचा पहिला अंदाज आला, आणि त्याच तिमाहीत शेती मात्र ३.४ टक्क्यांनी वाढली होती. शेतात काम चालू होतं, शेडमध्ये कुलूप होतं.

मे महिन्यात केंद्र सरकारने तातडीच्या कर्जहमीची योजना आणली, ३ लाख कोटी रुपयांची. २९ फेब्रुवारी २०२० रोजी जेवढी बाकी असेल तिच्या वीस टक्के जादा कर्ज, नवीन तारण नाही, आणि बुडालं तर शंभर टक्के हमी सरकारची. एका प्रेसशॉपवाल्या दादांची बाकी ४० लाख होती. चौदा कामगार, त्यातले नऊ गावी निघून गेलेले. मुख्य कार्यालयातून पात्र खात्यांची यादीच आली, त्यात त्यांचं नाव. फोन केला, सह्या घेतल्या, तिसऱ्या दिवशी ८ लाख खात्यात. माझ्या सगळ्या नोकरीत एवढ्या वेगाने कर्ज मंजूर होताना मी पाहिलं नव्हतं. त्या ८ लाखांत त्यांनी थकलेले पगार, वीजबिल आणि शेडचं भाडं भागवलं. ते युनिट आजही चालू आहे, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. ती योजना चांगलीच होती.

पण त्यांच्या शेजारच्या शेडवाले आले. त्यांनी जानेवारीत सगळी बाकी फेडून खातं बंद केलं होतं. व्याजाचा बोजा नको म्हणून, घरचा प्लॉट विकून. शून्याचे वीस टक्के शून्य. मी त्यांना नेहमीच्या कर्जाचा अर्ज दिला. त्यात तीन वर्षांचे ताळेबंद, पुढच्या ऑर्डरी, तारण, सगळं मागितलेलं. ऑर्डरी तर त्या वेळी कुणाकडेच नव्हत्या. "कर्ज फेडलं, हीच चूक झाली का साहेब?" असं त्यांनी विचारलं, आणि मला उत्तर सुचलं नाही.

म्हणजे उद्योगांच्या त्या ०.४ टक्के वाढीच्या आतही दोन वेगळ्या गोष्टी होत्या. मोठ्या उद्योगांचं कर्ज त्या वर्षी ०.८ टक्क्यांनी घटलं, मध्यम उद्योगांचं २८.८ टक्क्यांनी वाढलं. हमी जिथे पोचली तिथे पैसा गेला. पैसा नव्हता असं अजिबात नाही. २०२०च्या त्याच उन्हाळ्यात बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ८ लाख कोटींहून जास्त रक्कम नुसती ठेवून दिली होती. त्यावर मिळणारं व्याज, म्हणजे रिव्हर्स रेपो दर, ३.७५ टक्के होता, मेअखेर तो ३.३५ झाला. इतक्या कमी व्याजावर पैसे ठेवायला बँक तयार होती, कारण तिथे बुडण्याची भीती नव्हती.

शाखाधिकाऱ्याला यात दोष देणं सोपं आहे. मी त्या खुर्चीवर बसलोय. कर्ज न दिल्याबद्दल फार तर बैठकीत चार शब्द ऐकावे लागतात. दिलेलं कर्ज बुडालं तर चौकशी लागते, निवृत्तीनंतरसुद्धा. कारखान्याचं खातं हप्ता थकल्यापासून नव्वद दिवसांत एनपीए, म्हणजे अनुत्पादक, होतं, पण यंत्रं आणि शेड असतात, २००२च्या सरफेसी कायद्याने कोर्टात न जाता त्यांचा ताबा घेता येतो. शेतीचं कर्ज एनपीए व्हायला दोन हंगाम जातात, आणि शेतजमीन त्या कायद्यातून वगळलेली आहे. ती वगळली हे योग्यच झालं, नाहीतर गावंच्या गावं लिलावात निघाली असती. पण मग जमिनीऐवजी दुसरी हमी कुणीतरी द्यायला हवी होती, ती कुणी दिली नाही. लघुउद्योगांसाठी पतहमी निधी २००० सालापासून आहे. एकट्या शेतकऱ्याच्या पीककर्जामागे तशी देशव्यापी हमी नाही. त्याच्यासाठी आपल्याकडे उपाय एकच, कर्जमाफी. २००८, २०१७, २०१९. माफी मिळाली त्यांना दिलासा मिळाला, त्याबद्दल मी वाद घालणार नाही. पण माफी कर्ज बुडाल्यावर येते आणि हमी कर्ज देताना असते. माफीची घोषणा होऊन याद्या लागेपर्यंत त्या शेतकऱ्याचं खातं थकीतच असतं, आणि तेवढ्या काळात बँक त्याला दारात उभं करत नाही.

आणखी एक गोष्ट जी आपण सगळेच विसरतो: शेतीकर्ज वेगळं आणि शेतीच्या भागातलं कर्ज वेगळं. बँकांना एकूण कर्जाच्या अठरा टक्के शेतीला द्यावे लागतात. पण ते कुठल्या शाखेतून, कुणाला? अर्थतज्ज्ञ आर. रामकुमार आणि पल्लवी चव्हाण यांनी आकडेवारी मांडून दाखवलंय की २००० नंतर शेतीकर्जाचा मोठा वाटा शहरी आणि महानगरी शाखांतून आणि मोठ्या रकमांमध्ये जाऊ लागला. तालुक्याच्या शाखेत मात्र लोकांच्या ठेवी गोळा होतात आणि वर जातात. आमच्या तालुक्यातल्या निवृत्त शिक्षकांची, व्यापाऱ्यांची, ऊसबिलांची ठेव आमच्याकडे यायची, आणि माझ्या दुसऱ्या शाखेत मी तसाच पैसा कारखान्यांच्या सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या) खात्यांत जाताना बघायचो. हे काही नवं दुखणं नाही. धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासगटाने १९६९ मध्ये "क्षेत्रनिहाय", म्हणजे एकेक भाग धरून, विचार करा म्हणून सांगितलं, त्यातूनच प्रत्येक जिल्ह्यातल्या बँकांचं काम जुळवणारी अग्रणी बँक आली. २००५ पासून सीडी रेशो, म्हणजे शंभर रुपये ठेवीमागे दिलेलं कर्ज, चाळीसच्या खाली असलेल्या जिल्ह्यांसाठी विशेष उपसमिती नेमायचा नियम आहे. २०२१-२२ पासून, दरडोई प्राधान्य कर्ज (शेती, लघुउद्योग अशा ठरवून दिलेल्या क्षेत्रांचं) ६,००० रुपयांपेक्षा कमी असलेल्या जिल्ह्यांतल्या वाढीव कर्जाला रिझर्व्ह बँक १२५ टक्के वजन देऊ लागली आणि २५,०००च्या वरच्या जिल्ह्यांना ९० टक्के; २०२४-२५ पासून या मर्यादा बदलल्या. नियम चांगले आहेत. पण जिल्हा समितीच्या बैठकीत जूनमध्ये जिल्हाधिकारी विचारतात ते एकच, पीककर्जाचं उद्दिष्ट किती टक्के झालं. त्यातलं नवं-जुनं किती आणि नवे कर्जदार किती, हे मी तरी कुठल्या बैठकीत विचारलेलं ऐकलं नाही.

हे किती जुनं आहे ते बघायचं तर दीडशे वर्षं मागे जा. अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा दख्खनचे सावकार कुणब्याला हवं तेवढं कर्ज देत होते. १८६५ मध्ये यादवी संपली. मुंबईत शेअर कोसळले आणि बँक ऑफ बॉम्बेही तीनेक वर्षांत गुंडाळावी लागली. इकडे सावकारांनी हात आखडते घेतले, त्यातच शेतसारा वाढला. १२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं काढून जाळली. मुंबईच्या मंदीचा जाच सुप्याला दहा वर्षांनी फुटला. शेतीच्या भागात मंदी अशीच उशिरा पोचते आणि जास्त दिवस मुक्काम करते. म्हणून टाळेबंदीच्या वर्षी शेती वाढली हे बघून "शेतकऱ्याला झळ लागली नाही" म्हणणाऱ्यांना मी सांगतो, शहरातून परत आलेल्या पोरांची तोंडं त्याच शेतावर वाढली होती.

माझं मागणं साधं आहे. २०२० मध्ये प्रेसशॉपवाल्या दादांच्या मागे सरकार जसं उभं राहिलं, तसं दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यातल्या छोट्या शेतकऱ्याच्या मागे उभं राहावं. पैसेवारी ५०च्या आत आली की त्या हंगामापुरती पीककर्जाला हमी, नवीन उचल हातात, आणि जुनं कर्ज बाजूला ठेवून हप्ते. शाखाधिकाऱ्याची चौकशीची भीती जाईल आणि लिंबाखालच्या मोटारसायकलची गरज उरणार नाही. कारखान्यासाठी हमी देताना ज्याने फेडलं त्याला शून्य मिळू नये. आणि प्रत्येक शाखेने आकडा देताना दोन रकाने द्यावेत, एकात पुस्तकातली वाढ, दुसऱ्यात कर्जदाराच्या हातात प्रत्यक्ष पडलेली रक्कम. संगणकात ही माहिती आजही आहे, फक्त मागायची आहे.

काकांचं खातं मी बदली होईपर्यंत नियमित होतं. शेवटच्या वर्षी ते आले तेव्हा पिशवी तीच होती, कर्ज १,१०,००० झालं होतं, आणि बाहेर त्या पोरग्याच्या जागी त्याचा धाकटा भाऊ बसला होता.