घाटात ओला फडका हवाच

जुन्या फियाट घेऊन मुंबईहून गोव्याला निघालेल्या क्लबवरचा लेख झकास, पण फोटोंच्या नादात खरी गंमत राहून गेली. आमची पद्मिनी (भारतात बनलेली फियाटच) मीही अशा ताफ्यात नेतो. १०८९ सीसीचं इंजिन सपाटीला ६०च्या वेगाने कुरकुर न करता पळतं, कसोटी लागते ती घाटात. इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि ऐन चढावर गाडी गचके देत बंद पडते. मग बॉनेट उघडायचं, पंपावर ओला फडका टाकायचा आणि निवांत चहा प्यायचा. उतार त्याहून अवघड. चारही चाकांना ड्रम ब्रेक, सतत दाबले की तापून पकड सोडतात, म्हणून ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा.

नव्याने जाणाऱ्यांनी पॉइंट आणि कंडेन्सर (इंजिनात ठिणगी पाडणारे सुटे भाग), फॅनबेल्ट आणि पंपातला पडदा, म्हणजे डायफ्राम, जवळ ठेवावा. (क्लबात कुणाकडे तरी असतंच, पण दरवेळी मागायचं कसं?) सगळ्यात हळू गाडीच्या वेगाने जायचं हा नियम लेखकाला कंटाळवाणा वाटला. एकदा डुक्कर फियाटच्या, म्हणजे पद्मिनीच्याही आधीच्या गोलमटोल फियाटच्या मागून चालवून बघा म्हणावं, गावागावांत लोक हात करतात!

परतताना अणुस्कुरा घाटाने आलात का? असाल तर तेही लिहा.