स्टिकरवरची एचपी आणि वावरातली एचपी

पाऊस उघडला की नाशिकला गंगापूर रोडच्या बंगल्यांत लॉनमोवर आणि निफाड-दिंडोरीच्या बागांत पॉवर विडर (तण काढायचं, माती भुसभुशीत करायचं यंत्र) घ्यायची गडबड सुरू होते. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला, "किती एचपी?", म्हणजे इंजिनाची ताकद किती अश्वशक्ती. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. त्याचं उत्तर स्टिकर देतो, आणि स्टिकरवर काहीही छापता येतं.

एचपी दोन तऱ्हेने मोजतात, ग्रॉस आणि नेट. ग्रॉस एचपी मोजताना इंजिन जवळपास उघडं असतं. एअर फिल्टर नाही, मशीनवरचा सायलेन्सर नाही. नेट एचपी मात्र हे सगळं बसवून मोजतात. होंडाच्या जीएक्स २०० वर आधी ६.५ एचपी लिहायचे, आता नेट ५.५ लिहितात. सीसी, म्हणजे सिलिंडरमधली जागा, तेव्हाही १९६, आताही १९६.

आता ते ५.५ नाशिकला आणा. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहोत. दर ३०० मीटरला सुमारे ३.५ टक्के ताकद जाते, म्हणजे ७ टक्के इथेच गेली. मे महिन्यात ४० अंशांत आणखी अडीच-तीन टक्के. उरली जेमतेम ५ एचपी, तीही ३६०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३६०० फेऱ्यांना. तेच इंजिन २५०० वर चालवलं तर? तिथे टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, १२.४ न्यूटन-मीटर. टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९५४९ केलं की किलोवॅट निघतात: ३.२५. त्याला १.३४ ने गुणा, साडेचारही होत नाहीत. म्हणून आरपीएम न लिहिता नुसतं '७ एचपी' छापलं असेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

अमेरिकेत स्टिकरवरच्या या फुगवलेल्या एचपीवरून २००४ साली ग्राहकांनी कोर्टात दावा लावला. २०१० मध्ये मिलवॉकीच्या फेडरल कोर्टात तडजोड झाली, भरपाई ढकलायच्या मोवरमागे ३५ डॉलरपर्यंत आणि बसून चालवायच्या मोवरमागे ७५ डॉलरपर्यंत. तिकडे आता खोक्यावर बहुतेक सीसी किंवा टॉर्क दिसतो. आपल्याकडे अजून एचपीच चालते.

मग बघायचं काय? सीसी. फोर-स्ट्रोक, एअर कूल्ड इंजिनाला ३६०० आरपीएमवर एका नेट एचपीमागे ३५ सीसी धरा. २१२ सीसी म्हणजे ६, मग स्टिकर ७ म्हणो नाहीतर ८. सीसीवरच शंका असेल तर इंजिनाचा नंबर बघा. चिनी बनावटीत '१७० एफ' म्हणजे एक सिलिंडर, ७० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), एअर कूल्ड. पण नंबरात स्ट्रोक, म्हणजे पिस्टन किती वर-खाली जातो ते, कळत नाही. '१६८ एफ' मध्ये, म्हणजे ६८ च्या बोअरला, ४५ च्या स्ट्रोकला १६३ सीसी होतात, ५४ च्या स्ट्रोकला १९६. तेव्हा स्ट्रोक विचाराच. ब्रश कटर (गवत-झुडपं कापायचं हातातलं यंत्र) बहुतेक टू-स्ट्रोक असल्याने हा ठोकताळा तिथे लागू नाही, पण ५२ सीसीच्या कटरवर ३ एचपी दिसली तर माहितीपत्रकात किलोवॅट शोधा. साधारण दीडच्या आसपास निघतात, म्हणजे २ एचपी.

खरं नुकसान पुढे होतं. ७ एचपीच्या भरवशावर रुंद रोटर (माती फोडणारी फिरती पाती) लावला जातो, काळ्या ओल्या जमिनीत इंजिन दबतं, मग कोणीतरी गव्हर्नरचा (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाचा) स्क्रू आवळून रेस वाढवतो. ३६०० चे ४२०० केले की कनेक्टिंग रॉडवरचा (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्यावरचा) ताण ३६ टक्क्यांनी वाढतो, कारण तो फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. या इंजिनांत रॉड ॲल्युमिनियमचा, ऑइल पंप नसतो, तळातलं ऑइल शिंपडून वंगण होतं. त्यात उतारावर ऑइल कमी असेल तर रॉड तुटून ब्लॉकला भोक पडतं. दुरुस्तीपेक्षा नवं इंजिन स्वस्त. आणि दुकानदार वर सांगणार, "ओव्हरलोड केलंत."

डेमोच्या वेळी प्लगच्या वायरवर गुंडाळायचा टॅकोमीटर (आरपीएम मोजायचं यंत्र) सोबत न्या. मोकळं चालताना ३७००-३८०० दाखवायला हवं. पूर्ण खोलीवर, तुमच्याच जमिनीत चालवून बघा. ३००० च्या खाली घसरत असेल तर पात्यांचा एक सेट काढून रुंदी कमी करा आणि पुन्हा बघा. तरी दबलं तर ते मशीन तुमच्या वावरासाठी नाही.