बारा फुटांची काच आणि एक गोणपाट

घर बांधून तीन पावसाळे झाले, तेव्हा आता बोलायला हरकत नाही. पहिल्या वर्षी आपल्याच घराबद्दल कोणी खरं बोलत नाही.

आमच्या हॉलला पश्चिमेकडे बारा फुटांचा काचेचा स्लायडिंग दरवाजा आहे. तो माझ्याच हट्टाने बसला. आर्किटेक्ट एकदा "पश्चिम आहे हां" म्हणाला होता, पण इतक्या हळू, की मला ऐकू आलं नाही असं दाखवता आलं. मला इन्स्टाग्रामवरचं घर हवं होतं. आतली फरशी सलग बाहेर गेलेली, मध्ये उंबरठा नाही, सोफ्यावर बसलं की थेट हिरवळ.

पहिल्याच जूनमध्ये एका रात्री वारा सुटला आणि पाऊस आडवा आला. आधी दरवाजाचा ट्रॅक भरला, मग पाणी शांतपणे सोफ्याखाली गेलं. घरातले सगळे टॉवेल संपल्यावर आई मागून गोणपाट घेऊन आली, दारात अंथरलं आणि म्हणाली, "उंबरठाच ठेवला नाहीस, मग त्याने तरी कुठे थांबायचं?" ते गोणपाट सप्टेंबरपर्यंत तिथेच होतं. लाखभर रुपयांच्या काचेसमोर. टीव्ही युनिटचं लॅमिनेट खालून फुगलं ते वेगळंच.

मार्चमध्ये दुसरी तऱ्हा. दुपारी तीननंतर ऊन थेट सोफ्यावर. म्हणून पडदे, पडद्यांमुळे अंधार, अंधार म्हणून दिवे, आणि उकाडा म्हणून एसी. बागेशी जोडलेला म्हणून बांधलेला हॉल वर्षातले कितीतरी महिने बागेकडे पाठ करून बसायचा.

ही घरं मुळात कुठली, ते मी नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं. कॅलिफोर्नियातल्या एका मासिकाने १९४५ साली 'केस स्टडी हाउसेस' हा उपक्रम सुरू केला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कुटुंबांसाठी कमी खर्चातली आधुनिक घरं, बारीक पोलादी सांगाडे, भिंतीएवढ्या काचा. सुंदरच आहेत ती, वाद नाही. पण लॉस एंजेलिसला वर्षाचा पाऊस ३७५ मिलिमीटरच्या आसपास, तोही हिवाळ्यात. आपल्याकडे गोव्यात तीन हजारांच्या घरात, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्यांचं वर्षभराचं पाणी आपल्याकडे जुलैच्या एखाद्या आठवड्यात पडून जातं.

"मग उत्तरेला लावायची काच, तिकडून ऊन येत नाही" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी एवढंच, की गोवा साडेपंधरा अक्षांशावर आहे. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे कललेला असतो. मात्र तो उंचावर असतो, त्यामुळे बऱ्यापैकी छज्जा त्याला पुरतो. पश्चिमेचं तिरपं ऊन छज्जाला जुमानत नाही.

माझं आजोळ सावईवेऱ्याला. घराच्या मधोमध राजांगण, म्हणजे आभाळाला उघडा चौक, चारी बाजूंनी आत उतरलेली नळीच्या कौलांची छपरं, मध्ये तुळस. मामा सकाळी खांबाला आरसा अडकवून दाढी करायचा आणि पाऊस त्याच्या कोपरापासून हातभर अंतरावर कोसळत असायचा. अंगावर थेंब नाही, फक्त गारवा. पागोळ्या जिथे पडतात तिथे चिऱ्यात पन्हळ कोरलेली, पाणी तिच्यातून बाहेर कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या घरांचं बाल्कांव घ्या, म्हणजे दारापुढची बसायची जागा. तिथे छप्पर पुढे आलेलं, समोरासमोर दोन बैठका, आणि सगळा कारभार रस्त्याकडे तोंड करून. रचना वेगळ्या, पण दोन्हीकडे आत आणि बाहेर यांच्यामध्ये एक तिसरी जागा आहे. आम्ही 'वेस्टेज' म्हणून नेमकी तीच काढून टाकली.

आधुनिक म्हणजे काचच, असंही काही नाही. पणजीची कला अकादमी आठवा. आर्किटेक्ट चार्ल्स कुरैय्यांची ही इमारत आधुनिक नाही असं कोण म्हणेल? रस्त्यावरून आत शिरलो की छपराखालून, एकही दार न उघडता, चालत चालत मांडवीपर्यंत पोचतो. मी कॉलेजात असताना शेकडो वेळा गेलोय. घर बांधताना ती एकदाही आठवली नाही.

गेल्या वर्षी काचेबाहेर सात फुटांची पडवी काढली. वर मंगळुरी कौलं, जमीन हॉलपेक्षा एक पायरी खाली, पुढच्या कडेला बांबूच्या चटया. खर्चाचा आकडा लिहायला बायकोने मनाई केली आहे. आता पाऊस पडवीच्या कडेलाच थांबतो, आणि काच दिवसभर उघडी असते. गंमत बघा, काचेचा उपयोग काचेपुढे छप्पर आल्यावर सुरू झाला. संध्याकाळी साडेसहाला जाळी मात्र ओढावीच लागते. डासांवर उपाय कुठल्याच आर्किटेक्चरमध्ये नाही.

बागेचीही एक फजिती सांगतो. कंत्राटदाराने सगळीकडे लॉन घातलं होतं. मेमध्ये त्याला टँकर, जुलैमध्ये त्यावर शेवाळ. आणि नागपंचमीला पातोळ्या हळदीच्या पानात वाफवायच्या, तर ती पानं बाजारातून विकत आणली! एवढी जागा दारात असताना. त्या दिवशी आई काही बोलली नाही, पण पुढच्या मेमध्ये तिने स्वयंपाकघरामागची लॉनची पट्टी खणून काढली आणि हळद, अळू, आलं लावलं. मग लक्षात आलं, की प्लॅनमध्ये स्वयंपाकघरातून बागेत जायला दारच नव्हतं. मागच्या धुण्याभांड्यांच्या युटिलिटीला ग्रिल होतं. म्हणजे बाग बघण्यासाठी बारा फूट, आणि चार पानं खुडायला घराला वळसा. ते ग्रिल कापून अडीच फुटांचं साधं दार बसवलं, बाहेर एक नळ आणि एक चिऱ्याची पायरी. घरातली सगळ्यात जास्त वापरातली जागा सध्या ती पायरी आहे. मासे तिथेच साफ होतात, फोनवरच्या गप्पा तिथेच होतात, मांजर तर तिथून हलतच नाही.

काल पर्वरीला घर बांधणाऱ्या माझ्या मावसभावाने प्लॅन पाठवला. हॉलला सोळा फुटांची काच. दिशा पश्चिम. उंबरठा नाही. मी त्याला काही लिहिलं नाही, पहिल्या पावसाळ्यातला गोणपाटाचा फोटो पाठवला. निळ्या टिका आल्या आहेत. उत्तर अजून नाही.