ब्लूबॉनेटची यादी आणि आपण पालक

ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाल्या की डॅलस-फोर्ट वर्थ परिसरातील आपल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर ब्लूबॉनेटच्या वीस पुस्तकांची यादी फिरू लागते आणि तिच्यामागोमाग येणारे प्रश्न दरवर्षी तेच असतात. वीसही पुस्तके एकत्र कुठे मिळतील, कोणते पुस्तक कितव्या पातळीचे आहे, ग्राफिक नॉव्हेल वाचले तर ते मोजतात का, आणि हिवाळ्याच्या सुट्टीपूर्वी सगळी यादी संपवायची तर आठवड्याला किती पाने वाचून घ्यावी लागतील. मी गेली तीन वर्षे मुलीच्या शाळेच्या ग्रंथालयात आठवड्यातली एक दुपार परत आलेली पुस्तके कपाटात लावण्याचे काम करते. मुले पुस्तक कसे उचलतात, कसे उघडतात आणि कधी निमूटपणे परत ठेवतात हे तिथे जवळून पाहता येते. ते पाहिल्यावर मला ठामपणे वाटू लागले आहे की मुलांना निवड करता यावी म्हणून तयार झालेल्या या यादीचा आपण पालकांनी अभ्यासक्रम करून टाकला आहे.

ज्यांची मुले अजून लहान आहेत त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. टेक्सास ब्लूबॉनेट पुरस्कार १९७९ मध्ये टेक्सास लायब्ररी असोसिएशनने सुरू केला आणि त्याला या राज्याच्या फुलाचे नाव दिले. तो तिसरी ते सहावीच्या मुलांसाठी आहे. दरवर्षी ग्रंथपालांची समिती अलीकडच्या काळात प्रकाशित झालेल्या पुस्तकांमधून वीस निवडते. त्यांत कादंबऱ्या असतात, चरित्रे आणि विज्ञानाची सचित्र पुस्तके असतात, कवितेच्या ओळींत सांगितलेल्या गोष्टी असतात आणि ग्राफिक नॉव्हेलही असतात. या वीसपैकी किमान पाच पुस्तके ज्या मुलाने वाचली किंवा ऐकली असतील त्याला जानेवारीत मत देता येते. राज्यभरातून ज्या पुस्तकाला सर्वाधिक मते पडतात ते विजयी ठरते. या शेवटच्या टप्प्यावर मोठ्या माणसांना मत नाही. शिक्षकांना नाही, ग्रंथपालांना नाही आणि आपल्यालाही नाही.

या नियमातला पाच हा आकडा मला फार विचारपूर्वक ठेवलेला वाटतो. फ्लोरिडामध्ये तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी जो अशाच प्रकारचा पुरस्कार आहे त्याच्या यादीत पंधरा पुस्तके असतात आणि मत देण्यासाठी तीन वाचलेली पुरतात. सगळी यादी वाचण्याची अट दोन्हीकडे नाही, आणि ती नसण्याला कारण आहे. एकच पुस्तक वाचलेले मूल ते आवडले किंवा आवडले नाही एवढेच सांगू शकते. पाच वाचलेले मूल त्यांतले कोणते अधिक चांगले आणि का, याचा विचार करू लागते. उरलेली पंधरा पुस्तके निवडीला वाव मिळावा म्हणून असतात, म्हणजे घोड्यांत रस असलेल्या मुलीला घोड्याचे पुस्तक सापडावे आणि अंतराळवेड्या मुलाला ताऱ्यांचे. त्यामुळे वीस पाने वाचून एखादे पुस्तक बाजूला ठेवणारे मूल यादीचा अगदी योग्य वापर करत असते. आपण मात्र त्याच क्षणी त्याला सांगतो की हाती घेतलेले काम अर्धवट सोडू नये. ही शिकवण गृहपाठाला आणि पोहण्याच्या सरावाला लागू असेल. गोष्टीच्या पुस्तकाला ती लावली की मूल पुढचे पुस्तक उचलताना कचरते, कारण एकदा उचलले की सुटका नाही हे त्याला कळलेले असते.

मागच्या वर्षी पाचवीतला एक मुलगा दर आठवड्याला तीच जाड कादंबरी घेऊन यायचा, मुदत वाढवून घ्यायचा आणि परत न्यायचा. पाचव्या की सहाव्या वेळी मी त्याला विचारले, तेव्हा त्याने अगदी शांतपणे सांगितले की ती त्याच्या तक्त्यावर चौदाव्या क्रमांकाला आहे आणि ती झाल्याशिवाय पंधरावे पुस्तक सुरू करता येत नाही. पंधरावे एका शास्त्रज्ञाचे सचित्र चरित्र होते, त्याला ते मनापासून वाचायचे होते आणि ते समोरच्याच मांडणीवर ठेवलेले होते. तो तक्ता घरी, प्रेमाने आणि चांगल्या हेतूनेच केलेला होता, यात मला शंका नाही. तरीही हवे असलेले पुस्तक हाताच्या अंतरावर असताना नको असलेले पुस्तक घेऊन घरी निघालेल्या त्या मुलाचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

नियमातल्या 'ऐकलेली' या शब्दाकडेही आपले फारसे लक्ष जात नाही. कोणी मोठ्याने वाचून दाखवलेले पुस्तकसुद्धा मतासाठी मोजले जाते, म्हणजे ज्या मुलाला अक्षरे चटकन लागत नाहीत, जे मूल नुकतेच दुसऱ्या भाषेतून इंग्रजीत आले आहे किंवा ज्याच्या घरी इंग्रजी पुस्तकच नाही, त्याचेही मत इतरांइतकेच मोलाचे धरलेले आहे. टेक्सासच्या शाळांत घरी स्पॅनिश बोलणारी मुले किती मोठ्या संख्येने आहेत हे लक्षात घेतले तर या एका शब्दाचे मोल कळते. आपल्या घरांसाठीही त्यात सोय आहे. तिसरीतल्या मुलाला वाचता येते म्हणून आपण त्याला वाचून दाखवणे बंद करतो, आणि नेमक्या त्याच वयात त्याला समजू शकणाऱ्या गोष्टी त्याला स्वतः वाचता येणाऱ्या गोष्टींच्या कितीतरी पुढे असतात. रात्री झोपण्यापूर्वी रोज एक प्रकरण वाचून दाखवले तर महिन्या-दीड महिन्यात एक कादंबरी आरामात होते, आणि ती आईवडिलांचीही वाचून होते.

तिसरी हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. टेक्सासमध्ये 'स्टार' ही राज्याची परीक्षा तिसरीपासूनच द्यावी लागत आली आहे, म्हणजे ज्या वर्षी मुलाला ब्लूबॉनेटचे मत मिळते त्याच वर्षी उताऱ्यांवरचे प्रश्नही सुरू होतात. उताऱ्याचे वाचन म्हणजे कोणीतरी निवडलेल्या मजकुराचे, कोणीतरी ठरवलेले उत्तर शोधणे. त्या कौशल्याला माझा विरोध नाही; ते यायलाच हवे. परंतु मुलाने जन्मभर वाचक राहावे असे आपल्याला वाटत असेल, तर ज्यात बरोबर उत्तर आधीच ठरलेले नाही असे वाचनही त्याच वर्षी त्याच्या वाट्याला यायला हवे. ब्लूबॉनेटची यादी नेमकी ती जागा राखून ठेवते, आणि आपण घरी पुस्तकागणिक प्रश्नावली काढून तीही बुजवून टाकतो.

मुलांना निवड करू दिली तर ती हलकीफुलकी पुस्तकेच निवडतील, हा आक्षेप मी आपल्या गटांवर अनेकदा वाचला आहे. त्यात थोडे तथ्य आहे. विनोदी पुस्तकांना आणि प्राण्यांच्या गोष्टींना मुले भरभरून मते देतात, आणि आकर्षक मुखपृष्ठाचाही परिणाम होत असणार. पण इतिहास पाहिला तर चित्र इतके सरळ दिसत नाही. कॅन्ससमध्ये १९५२ पासून चालत आलेला विल्यम ॲलन व्हाइट पुरस्कार याच धर्तीचा आहे. १९५३ साली तिथल्या मुलांनी पहिलाच पुरस्कार दिला तो एलिझाबेथ येट्स यांनी लिहिलेल्या ॲमॉस फॉर्च्यून यांच्या चरित्राला, म्हणजे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या आणि पुढे स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेणाऱ्या एका गुलाम माणसाच्या कहाणीला. याच पुस्तकाला मोठ्यांच्या समितीने दोन वर्षे आधी न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतील बालसाहित्याचा मानाचा पुरस्कार, दिले होते. टेक्सासमध्ये १९८१ साली पहिला ब्लूबॉनेट पुरस्कार मिळाला तो बेव्हर्ली क्लिअरी यांच्या 'रमोना अँड हर फादर' या पुस्तकाला. त्यात दुसरीतल्या रमोनाच्या वडिलांची नोकरी जाते, घरात पैशांची ओढाताण सुरू होते, आईवडिलांचे स्वर बदलतात, आणि ती मुलगी वडिलांची सिगारेट सुटावी म्हणून झटू लागते. पुस्तक हसवते, पण त्याच्या मुळाशी असलेला विषय घराघरांत मुलांपासून लपवून ठेवला जाणारा आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांनी व्हिसावर असताना नोकरकपातीच्या बातम्या ऐकल्या आहेत आणि मुले जवळ आली की आवाज खाली केला आहे. मुलांना ते कळत असते. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी इथल्या मुलांनी हेच पुस्तक निवडले, यात मला तरी हलकेपणा दिसत नाही.

शिवाय आधी जाणकार ग्रंथपालांनी शेकडो पुस्तकांतून वीस निवडलेली असतात आणि त्यानंतरच मुले त्यांतून एक निवडतात. मोठ्यांची पारख आणि मुलांची पसंती या दोन्हींना स्वतंत्र जागा आहे. यादी हातात आल्यावर पालकाने पुन्हा चाळणी लावली, 'ही पाच उपयोगाची, ती चित्रांची नकोत' असे सांगितले, तर मुलाच्या वाट्याला मत येते पण निवड येत नाही. ग्राफिक नॉव्हेलविषयी विशेष सांगावेसे वाटते. चेहऱ्यावरचे भाव, दोन चौकटींमधला न सांगितलेला काळ आणि शब्दांशी कधी जुळणारे, कधी विसंगत असणारे चित्र हे सगळे एकाच वेळी वाचावे लागते. ते मूल भराभर वाचते म्हणून ते सोपे असा निष्कर्ष काढू नये. बहुतेक मुले तेच पुस्तक तीनदा-चारदा वाचतात.

माझी मुलगी गेल्या वर्षी चौथीत होती. तिने सात पुस्तके वाचली, दोन सोडली आणि दोन माझ्याकडून ऐकली. ज्याला तिने मत दिले त्या पुस्तकात आजीच्या मृत्यूनंतर बोलेनाशी झालेली एक मुलगी होती. ते पुस्तक जिंकले नाही. निकाल कळल्यावर ती काही वेळ गप्प होती आणि मग तिने विचारले की तिच्या पुस्तकाला आणखी कोणी मत दिले असेल का. मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती वर्गात विचारत फिरली आणि तिला अशा दोन मुली सापडल्या. त्यांच्यापैकी एकीशी ती तोपर्यंत कधी बोललीही नव्हती. आता त्या एकमेकींना पुस्तके देतात.

यादी जाहीर होणे आणि पुस्तके प्रत्यक्ष कपाटात येणे यांत आता पूर्वीपेक्षा अधिक अंतर पडू शकते. २०२५ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्यानुसार शाळेच्या ग्रंथालयासाठी घ्यायच्या पुस्तकांना स्थानिक शाळा-जिल्ह्याच्या शिक्षण मंडळाची मंजुरी लागते आणि त्यांची यादी आधी तीस दिवस लोकांसमोर ठेवावी लागते. या कायद्याविषयी प्रत्येकाचे मत वेगळे असू शकेल. पण ज्या सभांमध्ये ही मंजुरी मिळते त्या सर्वांसाठी खुल्या असतात आणि आपले मराठी पालक तिथे क्वचितच दिसतात. रोबोटिक्सच्या स्पर्धेसाठी शनिवार-रविवार देणाऱ्या पालकांना वर्षातून एका संध्याकाळी 'आमच्या मुलांना ही पुस्तके हवी आहेत' एवढे सांगायला जाणे जड नाही. मतदानाची ही सगळी व्यवस्था शेवटी शाळेतल्या ग्रंथपालाच्या कष्टांवर उभी असते. वीस पुस्तकांच्या प्रती मिळवणे, कोणी किती वाचली याची नोंद ठेवणे आणि पुठ्ठ्याच्या खोक्याची मतपेटी करणे हे सारे त्याच करतात.

आता आपल्या मराठी शाळेविषयी. साहित्य अकादमी २०१० पासून मराठीसह भारतीय भाषांतील लेखकांना बाल साहित्य पुरस्कार देते आणि महाराष्ट्र शासनाचेही बालवाङ्मयाचे पुरस्कार आहेत. या पुरस्कारांचे निर्णय मोठी माणसे घेतात. घरोघरी मुलांसाठी जी मराठी पुस्तके आणली जातात तीही बहुधा आपल्या स्वतःच्या लहानपणच्या आठवणींतून निवडलेली असतात. त्या पुस्तकांवर माझेही प्रेम आहे. पण इथे वाढणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला वाडा, बंब आणि पाटी समजावून सांगण्यातच आपला वेळ जातो आणि गोष्ट मागे राहते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे.

म्हणून यंदा आमच्या रविवारच्या शाळेत तिसरी ते सहावीच्या मुलांसाठी दहा मराठी पुस्तकांची यादी करण्याचे आम्ही ठरवले आहे. सगळी पुस्तके अलीकडची असतील, निम्मी तरी सचित्र असतील, आणि तीन वाचलेली किंवा ऐकलेली असली की मत देता येईल. ऐकणे हा भाग इथे फार महत्त्वाचा ठरणार आहे, कारण आमच्या बहुतेक मुलांना मराठी उत्तम समजते पण जोडाक्षरांपाशी ती अडखळतात. आजी-आजोबांनी व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलेले पुस्तकही आम्ही मोजणार आहोत. कोणाचेही गुण लावले जाणार नाहीत आणि कोणी किती वाचली याचा तक्ता भिंतीवर टांगला जाणार नाही. मतदान २७ फेब्रुवारीच्या, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनाच्या, जवळच्या रविवारी होईल. निवडून आलेल्या पुस्तकाच्या लेखकाला मुलांनी स्वतः लिहिलेली पत्रे पाठवू, मग त्यांत ऱ्हस्व-दीर्घाच्या कितीही चुका असोत.

अडचण प्रतींची आहे. दहा पुस्तकांच्या प्रत्येकी तीन प्रती लागतील आणि टपालाचा खर्च पुस्तकांच्या किमतीपेक्षा अधिक होतो. डिसेंबरमध्ये पुण्याहून, मुंबईहून किंवा नागपूरहून डॅलसला कोणी येणार असेल आणि बॅगेत दोन-तीन किलोंची जागा देऊ शकत असेल तर कृपया या पोस्टखाली कळवावे. कोणती पुस्तके आणायची ते मी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कळवीन. आपल्या घरातल्या आठ ते बारा वर्षांच्या मुलाने अलीकडे एखादे मराठी पुस्तक कोणी न सांगता दुसऱ्यांदा वाचायला घेतले असेल, तर त्याचेही नाव आवर्जून लिहावे. यादीची सुरुवात आम्ही तिथूनच करणार आहोत.