कसला फॉन्ट टाका म्हणता ओ?

आमच्या बेळगावात पतसंस्थेच्या सभेची नोटीस असो, शाळेचं पत्रक असो, नाहीतर उद्यमबागेतल्या कारखान्याचं कामगारांना आलेलं पत्र असो. मेल उघडला की अक्षरांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ मारलेला बारका इंग्रजी ए, मध्येच जपानी येनचं चिन्ह, कुठं वर चढवलेला इवलासा दोन. पाठवणाऱ्याला विचारा, उत्तर ठरलेलं: "तुमच्याकडं फॉन्ट नसंल, फॉन्ट टाका."

कसला फॉन्ट? देवनागरीचा मंगल आणि कन्नडचा तुंगा एक्सपीच्या काळापासून विंडोजबरोबरच यायला लागले. विंडोज ८ पासून निर्मला यूआय या एकाच फॉन्टात दोन्ही लिप्या आहेत. फॉन्ट नसला की रिकामे चौकोन दिसतात, येनचं चिन्ह दिसत नाही. येन दिसतोय म्हणजे तुमचं मशीन सांगितलेलं काम इमानदारीत करतंय. त्याला सांगितलंच चुकीचं.

यूटीएफ-८ म्हणजे सगळ्या लिप्यांतली अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे ० ते २५५ मधल्या तीन आकड्यांचं. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे धरायचे, प्रत्येकाचे तीन. पहिला बाइट कायम २२४, दुसरा १६४ किंवा १६५. कन्नडचा पहिला बाइटही २२४च, दुसरा १७८ किंवा १७९. आता हा मजकूर यूटीएफ-८ आहे हे मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराच्या वरच्या तांत्रिक ओळींत, लिहिलंच नाही, तर वाचणारा प्रोग्राम बहुतेक वेळा विंडोज-१२५२ हे युरोपातलं कोडपेज, म्हणजे कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर याचा तक्ता, धरतो आणि एकेका बाइटचं वेगळं अक्षर छापत सुटतो. २२४ म्हणजे तो रेघवाला ए, १६५ म्हणजे येन, १७८ आणि १७९ म्हणजे वर चढवलेले दोन आणि तीन. म्हणून कचरा बघूनसुद्धा मूळ मजकूर कुठला ते सांगता येतं. रेघवाल्या एच्या लगेच पुढं येन किंवा चार टोकं फुटलेलं गोल असेल तर मराठी, बारका दोन किंवा तीन असेल तर कन्नड.

आणि हो, "कर्नाटकातल्या सर्व्हरवर मराठी मुद्दाम मोडतात" हा शोध लावणाऱ्यांनी त्याच मेलमधली कन्नड ओळ एकदा बघावी. ती तितकीच मोडलेली असते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्याला तिथंच राहू द्या. इथलं भांडण हेडरमधल्या एका ओळीचं आहे.

ती ओळ बघायला इंजिनिअर लागत नाही. जीमेलमध्ये मेलच्या उजव्या बाजूच्या तीन ठिपक्यांवर जाऊन 'शो ओरिजिनल' दाबा आणि 'कन्टेन्ट-टाइप' शोधा. पुढं 'चारसेट' म्हणून यूटीएफ-८ लिहिलेलं पाहिजे. तिथं आयएसओ-८८५९-१ हे युरोपी कोडपेज असेल, किंवा चारसेटच नसेल, तर दोष पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. चारसेट लिहिला नाही तर नियमानं तो मजकूर साधा आस्की, म्हणजे फक्त इंग्रजीपुरता तक्ता, धरायचा असतो, आणि आस्कीत ना मराठी बसते ना कन्नड. पतसंस्थांची, शाळांची सॉफ्टवेअरं करून देणाऱ्यांनो, बिल लावताना एकेक ओळ मोजता, मग ही एक ओळ घालायला काय धाड भरते?

असा मेल हातात आलाच तर बहुतेक वेळा वाचवता येतो. थंडरबर्डमध्ये 'व्ह्यू' मेनूतलं 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' दाबा (एन्कोडिंग म्हणजे हीच आकड्यांची अक्षरं करायची पद्धत). जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्ये मेल स्वतंत्र खिडकीत उघडा, 'ॲक्शन्स', 'अदर ॲक्शन्स', 'एन्कोडिंग' असं जात यूटीएफ-८ निवडा. पाठवणाऱ्यानं त्याच आउटलुकमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड' उघडून खाली 'इंटरनॅशनल ऑप्शन्स'पर्यंत जावं, एन्कोडिंग आपोआप निवडण्याची टिक काढावी आणि बाहेर जाणाऱ्या मेलसाठी यूटीएफ-८ ठेवावं. दोन मिनिटांचं काम आहे. एकाच पत्रात मराठी, कन्नड आणि इंग्रजी घालायची असेल, आणि आपल्याकडं ती असतेच, तर दुसरा पर्याय नाहीच.

पण कचऱ्याचा मेल पुढं ढकलू नका. हात जोडून सांगतोय. फॉरवर्ड केला की ते येन आणि ते रेघवाले ए हाच खरा मजकूर समजून नव्यानं यूटीएफ-८ मध्ये भरला जातो. चिखलावर चिखल. मग एन्कोडिंग बदलून काही होत नाही, दोन थर उलटे सोलावे लागतात, आणि सोलताना अक्षरं गळतात. विंडोज-१२५२ मध्ये १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या जागा रिकाम्या आहेत. १४१ हा आपल्या हलन्ताचा शेवटचा बाइट. कन्नड हलन्ताचाही तोच, म्हणजे इकडं जोडाक्षरं फुटतात तशी तिकडं ओत्तक्षरं फुटतात. १२९ गेला की पहिला उकार गेला, १४३ बरोबर मराठी ए, १५७ बरोबर झ. भ चा शेवटचा बाइट तिथं अदृश्य हायफन ठरतो आणि ठ चा न तुटणारी स्पेस, म्हणजे कॉपी-पेस्ट करताना हेही बेपत्ता. झाडशहापूरचा झ गेला, भाग्यनगरचा भ गेला, वर जोडाक्षरही फुटलं. पत्ता घ्या शोधून!

प्रश्नचिन्हं आली असतील तर ती निराळी गत. सलग प्रश्नचिन्हं म्हणजे मजकूर मेला. कुठंतरी साठवताना किंवा पाठवताना देवनागरी अशा कोडपेजात कोंबली जिथं ती बसत नाही, आणि प्रत्येक चिन्हाच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. यावर एन्कोडिंग बदलत बसणारे लोक बघितले की डोकं फिरतं. त्यात मागं काही उरलेलंच नाही! मूळ फाइल परत मागवा. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.७ पर्यंतच्या आवृत्त्यांत न सांगता लॅटिन-१ हे युरोपी कोडपेजच धरलं जायचं, ८.० पासून यूटीएफ८एमबी४, म्हणजे पूर्ण यूटीएफ-८, आलं. सभासदांची नावंच प्रश्नचिन्हांत येत असतील तर आधी तिथं बघा.

सभासदांची यादी एक्सेलमधनं पाठवणाऱ्यांचं निराळंच. साध्या 'सीएसव्ही'त (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुरात) सेव्ह केलं की मराठी नावांची प्रश्नचिन्हं झालीच. 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा पर्याय त्याच यादीत आहे, निवडायला पैसे पडत नाहीत. आलेली सीएसव्ही डबल-क्लिकनं उघडून बोंब मारू नका. 'डेटा' टॅबमधनं 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा.

मजकूर नीट, पण विषयाची ओळ मध्येच फाटलेली, काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हं? १९९६ च्या आरएफसी २०४७ या इंटरनेटच्या नियमाप्रमाणं विषयाचा एक तुकडा ७५ अक्षरांच्या वर जात नाही. वेष्टणाची १२ वजा केली की ६३, बेस६४ (तीन बाइटची चार साधी अक्षरं करायची पद्धत) चारच्या पटीत म्हणून ६०, म्हणजे ४५ बाइट. 'वार्षिक सर्वसाधारण सभा' लिहा: 'सर्वसाध' पर्यंत ४३ बाइट होतात आणि पुढच्या कान्याचे दोन बाइट या तुकड्यात, एक पुढच्या तुकड्यात. चिन्ह मध्ये तोडू नये असं त्याच नियमात लिहिलंय. पण ४५ बाइट झाले की सुरी फिरवणारी सॉफ्टवेअरं अजून चालूच आहेत.

आता प्रेसवाले. मेलमध्ये साधीच इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हं, पण अर्थशून्य, असं दिसलं तर मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टातला आहे. कन्नड असेल तर जुन्या नुडीतला, त्यात मात्र इंग्रजी अक्षरांत मधेमधे रेघवाले मोठे ए आणि पौंडाची चिन्हंही दिसतात. इथं एन्कोडिंग कितीही बदला, ढिम्म हलणार नाही, कारण फाइलीत खरोखरच इंग्रजी अक्षरं आहेत, फक्त त्यांच्या अंगावर मराठीचा सदरा होता. छपाईची पानं लावणाऱ्या पेजमेकरला युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत, यूटीएफ-८ तिचंच रूप) कळतच नाही म्हणून हे अजून चालतं. छपाईला चालवा की, कोण नको म्हणतंय? पण मेलला लावण्याआधी कन्व्हर्टरमधनं युनिकोड करा, नेमका तोच फॉन्ट निवडून. श्रीलिपीला कृतिदेवचा कन्व्हर्टर लावला की नवाच कचरा. झाल्यावर 'दुसऱ्या', 'पायऱ्या' असले शब्द आणि पहिल्या वेलांट्या डोळ्यांनी तपासा, चुका बहुतेक तिथंच राहतात.

खरी फॉन्टची तक्रार एकच उरते, ती 'ॲ'ची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला आलं, त्यामुळं जुन्या मशीनवर 'ॲप' मध्ये चौकोन येतो. तिथं सांगा खुशाल फॉन्ट टाका म्हणून.

आणि एवढं सगळं टाळायला "मग फोटो काढून पाठवतो" म्हणणारे महाभाग! त्या फोटोतनं खाते नंबर सरळ कॉपी होत नाही, सहा महिन्यांनी नाव शोधलं तर सापडेलच असं नाही, आंधळ्या माणसाला मजकूर वाचून दाखवणारं स्क्रीन रीडर अडखळतं. त्यापेक्षा पाठवण्याआधी एक चाचणीचा मेल सोडा, एक जीमेलवर, एक आउटलुकवर. त्यात 'झाडशहापूरच्या दुसऱ्या ठेवीदाराचा भाग्यनगरातला पत्ता' एवढी एक ओळ लिहा, खाली ओत्तक्षरांची एक कन्नड ओळ, आणि विषयात 'वार्षिक सर्वसाधारण सभा'.