युरोपनं सीमा ‘उघड्या टाकल्या’ हे खरं नाही

युरोपबद्दलचा एक मजकूर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत असतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मुद्दे ठरलेले: युरोपीय देशांनी भाबडेपणानं सीमा उघड्या टाकल्या, एकदा आत शिरलेल्याला पुढे कुणी विचारत नाही, त्यामुळेच निर्वासितांचे लोंढे आले आणि दहशतवादी हल्ले झाले, आता जर्मनीसकट सगळेच सीमा बंद करू लागलेत, म्हणजे शेंगेन, अर्थात सीमेवर तपासणी न करता एकमेकांच्या देशात ये-जा करू देणारी युरोपीय देशांची व्यवस्था, संपलं, आणि तसंही ही चैन श्रीमंत पर्यटकांची, आपल्याला तिचा काय उपयोग. मी जर्मनीत ट्रीअरला राहते. लक्झेंबर्गची हद्द इथून अगदी जवळ आहे, आणि ज्या शेंगेन गावाचं नाव या व्यवस्थेला मिळालं तेही मोझेल नदीच्या काठानं वर गेलं की लागतं. रोज सीमा ओलांडून कामाला जाणारी माणसं माझ्या शेजारात राहतात. म्हणून या मजकुराला मुद्द्यागणिक उत्तर द्यावंसं वाटतं.

आधी भाबडेपणाचं. या सगळ्याची सुरुवात ट्रकवाल्यांच्या संतापातून झाली. १९८४च्या फेब्रुवारीत आल्प्समधल्या नाक्यांवर कस्टम कर्मचाऱ्यांचं संथगती आंदोलन चालू होतं. माल घेऊन खोळंबलेल्या चालकांनी फ्रान्सभर रस्ते अडवून धरले. त्याच वर्षी जुलैत फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीनं आपसातली सीमेवरची तपासणी कमी करण्याचा करार सारब्रुकेनला केला. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी तर १९६०च्या करारानंतर एकमेकांतली तपासणी आधीच उठवली होती. हे पाच देश १४ जून १९८५ रोजी शेंगेनजवळ मोझेलमध्ये एका बोटीवर जमले, फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्गच्या हद्दी जिथे एकमेकींना भिडतात तिथे. सह्या झाल्या, पण नाके लगेच उठले नाहीत. अंमलबजावणीचा करार १९९०मध्ये झाला, तोही १४२ कलमांचा, आणि तपासणी प्रत्यक्षात थांबली २६ मार्च १९९५ला. मधली वर्षं गेली ती आतला नाका काढायचा तर बाहेरची सीमा कशी राखायची, व्हिसा कोणत्या नियमांनी द्यायचा, पळणाऱ्या गुन्हेगारामागे पोलिसांनी शेजारच्या देशात कुठवर जायचं, हरवलेल्या माणसांची नि चोरीच्या गाड्यांची माहिती सगळ्यांना एकाच वेळी कशी दिसेल, हे ठरवण्यात. ती सामायिक माहिती यंत्रणा नाके उठले त्याच दिवशी सुरू झाली. बल्गेरिया आणि रोमानिया २००७ साली युरोपीय संघात आले, पण त्यांच्या रस्त्यांवरची तपासणी उठायला १ जानेवारी २०२५ उजाडावं लागलं. अठरा वर्षं दाराशी थांबवून ठेवणाऱ्यांना भाबडं कसं म्हणायचं?

‘आत शिरलं की कुणी विचारत नाही’ हे तर इथे राहणाऱ्या कुणाही भारतीयाला विचारा. सीमेवर सरसकट पासपोर्ट तपासत नाहीत, एवढंच खरं. देशाच्या आत पोलीस ओळखपत्र मागू शकतात, मागतातही. रेल्वेनं लक्झेंबर्गला जाताना मी पासपोर्ट आणि निवास परवान्याचं कार्ड पर्समध्ये असल्याची खात्री करूनच निघते. व्हिसा मागणाऱ्यांच्या बोटांचे ठसे घेतले जातात आणि ते सगळ्या सदस्य देशांना तपासता येतात. १२ ऑक्टोबर २०२५पासून तर बाहेरच्या सीमेवर पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी चेहरा आणि ठसे टिपून येण्याजाण्याची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. पाहुण्यांना दिलेली ९० दिवसांची मुदत कोण ओलांडतंय हे बघायला आता शिक्के मोजत बसावं लागत नाही.

इथे एक मोठा घोटाळा होतो तो दोन गोष्टी एक समजण्याचा: तपासणीविना प्रवास करणं, आणि दुसऱ्या देशात राहून काम करण्याचा हक्क असणं. माझ्या जर्मन परवान्यावर मला लक्झेंबर्गला फिरायला जाता येतं, पण तिथे नोकरी धरायची तर लक्झेंबर्गची परवानगी वेगळी काढावी लागेल. हा फरक गोव्यातल्या लोकांना चांगला माहीत आहे. १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येते. त्या पासपोर्टवर हजारो गोंयकार ब्रिटनमध्ये, विशेषतः स्विंडनला जाऊन राहिले. ब्रिटन शेंगेनमध्ये कधीच नव्हता, विमानतळावर पासपोर्ट दाखवावाच लागे. तरी त्यांना राहायचा नि कमवायचा हक्क होता, कारण तो युरोपीय संघाच्या नागरिकत्वातून येत होता. ब्रिटन संघाबाहेर पडल्यावर, २०२०च्या अखेरीला, नव्यानं जाणाऱ्यांसाठी तो हक्क संपला. यात शेंगेनचा संबंध कुठेच आला नाही.

आता निर्वासित. २०१५मध्ये समुद्रमार्गे दहा लाखांहून अधिक माणसं युरोपात पोचली, हे खरंच आहे. पण त्यांचा रस्ता नकाशावर बोट ठेवून बघा. तुर्कस्तानातून रबरी बोटींनी ग्रीसची बेटं, तिथून उत्तर मॅसेडोनिया, सर्बिया, मग हंगेरी किंवा क्रोएशिया, पुढे ऑस्ट्रिया नि जर्मनी. यातले मॅसेडोनिया आणि सर्बिया शेंगेनमध्ये नाहीत. क्रोएशियाही तेव्हा नव्हता. तिथे नाके होते, पासपोर्ट तपासणी होती, हंगेरीनं तर सर्बियाच्या सीमेवर कुंपण घातलं. तरी माणसं आली, कारण मागे सीरियाचं युद्ध होतं. आणि ब्रिटनचं काय? समुद्रानं वेढलेला, शेंगेनबाहेरचा, स्वतःची सीमा स्वतः राखणारा देश. २०२२ या एका वर्षात तिथे लहान बोटींतून ४५ हजारांहून अधिक माणसं उतरली. आलेल्यांची जबाबदारी कोणत्या देशानं घ्यायची, यावर युरोपात खरोखरच भांडण आहे आणि ते वर्षानुवर्षं नीट सुटलेलं नाही. त्यावर बोलायला हवं. पण आतले नाके परत उभारून ते सुटत नाही.

हल्ल्यांबद्दल मजकूर जे सांगतो त्यातला थोडा भाग मला मान्य करावाच लागेल. डिसेंबर २०१६मध्ये बर्लिनच्या नाताळ बाजारात ट्रक घुसवणारा माणूस नेदरलँड्स आणि फ्रान्समार्गे थेट इटलीत पोचला. मोकळ्या सीमांचा त्याला फायदा झाला. तो सापडला मिलानजवळ, गस्तीवरच्या दोन पोलिसांनी सहज कागद मागितल्यावर. पण त्याआधीचा, नोव्हेंबर २०१५चा पॅरिसवरचा हल्ला आठवा. दुसऱ्या दिवशी सकाळी हल्लेखोरांपैकी एक, सलाह अब्देस्लाम, गाडीतून बेल्जियमकडे निघाला होता. त्या वेळी रस्त्यावर तपासणी लावलेली होती. पोलिसांनी गाडी थांबवली, कागद पाहिले आणि सोडून दिली, कारण हल्ल्याशी त्याचा संबंध आहे ही माहिती तोवर त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. नाका होता, पोलीस होते, कागद हातात होते. नव्हती ती बातमी. ज्यांना सुरक्षेची खरी काळजी आहे त्यांनी माहिती किती वेगानं पोचते हे आधी विचारायला हवं.

‘शेंगेन संपलं’ हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा, कारण तो माझ्या रोजच्या रस्त्यावर घडतोय. १६ सप्टेंबर २०२४पासून जर्मनीनं आपल्या सगळ्या भूसीमांवर तपासणी लावली. लक्झेंबर्गहून परतताना महामार्गावर दोन लेनची एक होते, वेग कमी करायला सांगणारे फलक लागतात, पुढे पोलिसांच्या गाड्या आणि तंबू. पोलीस काचेतून आत नजर टाकतात, बहुतेकांना हातानंच पुढे जायला सांगतात, एखादी गाडी बाजूला घेतात. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्यांची रांग मात्र लांबते. हे मला पटत नाही, लक्झेंबर्गच्या सरकारलाही पटलेलं नाही, त्यांनी तसं उघड सांगितलं आहे. ऑस्ट्रिया आणि फ्रान्सनं २०१५पासून अशीच ‘तात्पुरती’ तपासणी मुदत वाढवत वाढवत चालू ठेवली आहे. २६ एप्रिल २०२२ला युरोपीय न्यायालयानं ऑस्ट्रियाच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की त्याच धोक्याचं कारण देऊन सहा महिन्यांच्या पुढे ती वाढवता येत नाही. २०२४मध्ये नियम बदलून मुदती लांबवल्या गेल्या, तरी कारण द्यावं लागतं, कळवावं लागतं, कमाल मर्यादा आहेच. म्हणजे रोग आहे, पण मृत्यूचा दाखला खोटा आहे. ज्या काळात हा मजकूर फिरतोय त्याच काळात क्रोएशिया २०२३मध्ये आत आला, मग बल्गेरिया आणि रोमानिया. आज २९ देश आहेत. यातले नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड आणि लिश्टेनश्टाइन तर युरोपीय संघातही नाहीत, तरी त्यांना ही व्यवस्था हवीशी वाटली.

श्रीमंत पर्यटकांची चैन? सकाळी ट्रीअर स्टेशनवर उभं राहून बघा. पाठीला सॅक अडकवलेल्या नर्सा, बँकेतले कारकून, बांधकामावरचे कामगार, सफाई करणाऱ्या बायका. लक्झेंबर्गमध्ये घरभाडं परवडत नाही, म्हणून राहायचं जर्मनीत, फ्रान्समध्ये नाहीतर बेल्जियममध्ये आणि कामाला जायचं तिकडे. अशी सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं आहेत, लक्झेंबर्गच्या एकूण नोकरदारांत जवळजवळ निम्मी. जर्मन गाड्याही लक्झेंबर्गच्या हद्दीवरच्या वासरबिलिगला पेट्रोल भरायला जातात, कारण ते तिथे स्वस्त. शनिवारी पंपांच्या त्या ओळीपुढे रांग लागते आणि गाडीच्या डिकीत कॉफीची पाकिटं पडतात. पिरेनीज डोंगरात पुइगसेर्दा इथे स्पेन आणि फ्रान्स मिळून एक रुग्णालय चालवतात. फ्रान्सच्या बाजूच्या खेड्यातली बाई बाळंतपणासाठी सीमा ओलांडून तिथे जाते, कारण फ्रान्समधलं मोठं रुग्णालय घाटापलीकडे दूर आहे.

नाका परत आला की काय होतं याचं उदाहरणही आहे. डेन्मार्कमधलं कोपनहेगन आणि स्वीडनमधलं माल्मो यांना जोडणारा पूल जुलै २०००मध्ये सुरू झाला आणि दोन शहरांचा एकच रोजगाराचा टापू बनला. जानेवारी २०१६मध्ये स्वीडननं रेल्वेगाडीत चढण्याआधी ओळखपत्र तपासणं बंधनकारक केलं. रोज ये-जा करणाऱ्यांना विमानतळाच्या स्थानकावर उतरून, रांगेत उभं राहून, दुसरी गाडी धरावी लागली. मे २०१७पर्यंत हे चाललं. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरं बदलली. याची झळ पर्यटकांना फारशी लागली नाही, पाळीला वेळेवर पोचायचं होतं त्यांना लागली.

सीमा ओलांडणं अजूनही पुरेसं सोपं नाही, आणि त्याची कारणं कंटाळवाणी आहेत. लक्झेंबर्गच्या रुळांवरची वीज २५ हजार व्होल्टची, जर्मनीची १५ हजारांची; दोन्हीवर चालेल असंच इंजिन लागतं. सिग्नल वेगळे, तिकिटांच्या यंत्रणा वेगळ्या. स्पेनच्या जुन्या रुळांची रुंदीच वेगळी. राजकारणी यावर भाषणं करत नाहीत, पण सामान्य माणसाचा वेळ इथेच जातो.

राहिलं आपलं. १९९५च्या आधी पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम आणि म्युनिक बघायचं तर तीन व्हिसे काढावे लागत. आता एका व्हिसावर २९ देश, १८० दिवसांत ९० दिवस. अर्ज ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे. दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. ब्रिटन आणि आयर्लंड यात येत नाहीत. एप्रिल २०२४मध्ये भारतीयांसाठी खास नियम झाला: तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळवून ते नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पासपोर्टला मुदत असेल तर पाच वर्षांचा. मुलीच्या बाळंतपणासाठी, नातवंडांसाठी पुन्हा पुन्हा इकडे येणाऱ्या पुण्या-नाशिकच्या आईवडिलांना याचा केवढा आधार आहे, हे मी जवळून बघते.

मुंबईत अपॉइंटमेंट मिळत नाही, शुल्क ९० युरोवर गेलंय, या तक्रारी खऱ्या आहेत. पण शेंगेन मोडलं तर रांग कमी होणार नाही, प्रत्येक देशापुढे नवी रांग लागेल, प्रत्येकीचं शुल्क वेगळं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे-जूनच्या सुट्टीत यायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीतच तारखा बघायला लागा.