टीडीएस मीटरला कीटकनाशक दिसत नाही

"नदीच्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवा. आकडा 100 च्या खाली असेल तर कीटकनाशकं नाहीत. तरी शंका असेल तर बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत द्या, 'आढळले नाही' असा अहवाल आला की विषय संपला." हा संदेश भरपूर फिरतो आहे. त्यातलं एकही वाक्य टिकत नाही.

मीटर मोजतो ती विद्युतवाहकता. तिला एका गुणकाने गुणून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण पदार्थांचं प्रमाण, दाखवतो. अ‍ॅट्राझिन या तणनाशकासारखा रेणू नदीच्या पाण्यात आयनरूपात नसतो, त्यामुळे वाहकतेत त्याची भर पडत नाही. पडली असती तरी उपयोग शून्य. युरोपीय संघात पिण्याच्या पाण्यात एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला 0.1 मायक्रोग्रॅम आहे आणि मीटरची पायरी 1 मिलिग्रॅमची, म्हणजे दहा हजार पट.

बाटली कुठलीही चालत नाही. प्लास्टिकमधून थॅलेट (प्लास्टिक लवचीक करणारी रसायनं) पाण्यात उतरतात, उलट पीएएच (इंधन जळताना तयार होणारी अनेक वलयांची कार्बनी संयुगं) बाटलीच्या भिंतीला चिकटून पाण्यातून कमी होतात. सॉल्व्हंटने धुतलेली तपकिरी काचेची बाटली घ्यावी आणि नमुना 4 अंशांवर ठेवून सात दिवसांत निष्कर्षण, म्हणजे पाण्यातली संयुगं वेगळी काढण्याचं काम, उरकावं.

आता 'आढळले नाही'. प्रयोगशाळेची मोजमाप-मर्यादा 1 मायक्रोग्रॅम असेल, तर 0.6 सुद्धा 'आढळले नाही'च. शिवाय वाटेत काय हरवलं ते कोण सांगणार? साधारण पद्धत अशी: 500 मिलिलिटर पाणी 0.7 मायक्रॉनच्या काचतंतू फिल्टरमधून गाळतात (गाळाला चिकटलेले पीएएच इथेच मागे राहतात, फिल्टर वेगळा तपासला नाही तर ते गेले). मग 5 मिलिलिटर मेथॅनॉल आणि तितक्याच शुद्ध पाण्याने ओल्या केलेल्या एचएलबी कार्ट्रिजमधून (संयुगं धरून ठेवणारा पदार्थ भरलेली नळी) मिनिटाला 5 ते 10 मिलिलिटर वेगाने सोडतात. अनेक प्रकारच्या कार्ट्रिजा नमुना घालण्याआधी कोरड्या पडल्या की पकड सैल होते. वेग वाढवला की संयुगं न थांबता निघून जातात. नंतर निर्वाताने सुकवून मेथॅनॉलने उतरवतात आणि नायट्रोजनखाली 1 मिलिलिटरपर्यंत आटवतात. पार कोरडं केलं की बाष्पशील संयुगं उडालीच. शेवटी ह्युमिक द्रव्यं (कुजलेल्या पालापाचोळ्यातून पाण्यात आलेली) वस्तुमान वर्णपटमापकात, म्हणजे रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रात, संकेत दाबतात, तेव्हा असलेलं संयुगही दिसेनासं होतं.

म्हणून गाळण्याआधीच ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजन असलेलं, म्हणून यंत्रात वेगळं ओळखू येणारं) प्रमाणित संयुग ठरावीक मात्रेत मिसळतात. त्याची पुनर्प्राप्ती (मिसळलेल्यापैकी शेवटी किती सापडलं) 70 ते 120 टक्के आली का, कोऱ्या नमुन्यात (त्याच पद्धतीने तपासलेलं शुद्ध पाणी) काय निघालं आणि मोजमाप-मर्यादा किती, हे तीन आकडे अहवालात नसतील तर ते मागून घ्या.

आणि एक बाटली म्हणजे त्या क्षणाची नदी. फवारणीनंतरच्या पहिल्या पावसाचा लोंढा पकडायचा तर दर तासाला नमुना घेणारं यंत्र लावावं, किंवा पाण्यात दोन-तीन आठवडे निष्क्रिय नमुनाग्राहक (पंपाशिवाय संयुगं हळूहळू शोषून साठवणारं साधन) टांगावा.